आरपीमुळे नजर गेलेल्या भावाला बारावीनंतर पुण्यात शिकवायचंय, संस्थांची मदत नक्की कशी होते?

मांजराकाठची:

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ यंदा बारावी आर्ट्स पास झाला, चांगल्या मार्कांनी. लातूर जिल्ह्यात आमचं गाव आहे. त्याला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. लहानपणी दिवेलागणीनंतर गोठ्याकडं जाताना खुंट्याला अडखळून पडायचा तर घरचे म्हणायचे धांदरट आहे, बघून चालत नाही. आठवीत कळलं की रातांधळेपणा आहे आणि तो वाढत जाणारा आहे. आता बाजूचं काहीच दिसत नाही, समोरचं तेवढं थोडं दिसतं तेही भर उजेडात. पुस्तक वाचणं बंदच झालंय. बारावीला आमच्या शाळेतल्या सरांनी दहावीतला एक मुलगा रायटर म्हणून, म्हणजे तो सांगेल तसा पेपर लिहायला दिला होता, आई वाचून दाखवायची, ती सातवी शिकलेली आहे तरी तिनं इतिहास राज्यशास्त्र सगळं त्याला वाचून दाखवलं.

त्याला बीए करायचंय, इतिहास घेऊन, नंतर एमपीएससी. घरात दोन मतं आहेत. आई म्हणते डोळ्यासमोर राहू दे, पिठाची गिरणी टाकून देऊ. काका म्हणतात पुण्यात अंधांच्या संस्था आहेत, तिथं ठेवा, ते सांभाळतात आयुष्यभर. हे ऐकलं की भाऊ जेवणावरून उठून जातो, म्हणतो मला कुणी सांभाळायला नको, शिकायचंय.

मी चाकणला कंपनीत पॅकिंगला आहे, मुलींच्या रूमवर राहते त्यामुळे त्याला माझ्याजवळ ठेवता येणार नाही. सुट्टी फक्त गुरुवारी. मला खरंच माहीत नाही की या संस्था करतात काय? राहायला देतात का, फी भरतात का, की नुसतं सणावाराला फराळ आणि ब्लँकेट? कुणाला अनुभव असेल तर सांगा. आणि कॉलेजात डोळस मुलांबरोबर त्याचं निभेल का?

---

खिडकी नंबर चार:

ताई, मलाही आरपी आहे. माझी नजर विसाव्या वर्षापर्यंत गेली, आज पुण्यात एका सरकारी बँकेत नोकरीला आहे, त्यामुळे तुमच्या भावाच्या जागी मी होतो असंच समजून लिहितोय.

पहिलं काम यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राचं. ते असेल तर उत्तम, पण त्यावर टक्केवारी किती लिहिली आहे ते बघा. आरपीवाल्यांचा घोळ नेहमी इथेच होतो. समोरचा अक्षरांचा तक्ता आपण थोडाफार वाचतो आणि तेवढ्यावरून टक्के कमी लिहिले जातात. आपलं नुकसान तक्त्यात दिसत नाही, ते नजरेच्या घेरात असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट आहे की घेर १० अंशांपेक्षा कमी असेल तर ती व्यक्ती अंध धरायची, मग तक्ता कितीही वाचू दे. १० ते ४० अंशांच्या मधला घेर म्हणजे अल्पदृष्टी. तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलला जाताना फील्ड टेस्टचा, म्हणजे पेरिमेट्रीचा रिपोर्ट सोबत पाहिजेच, आणि तो टेबलावर ठेवून बोला. ४० टक्के किंवा त्याच्या वरचं प्रमाणपत्र असलं की सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत ४ टक्के आणि त्यातली १ टक्का फक्त अंध आणि अल्पदृष्टीवाल्यांसाठी, हे सगळं लागू होतं. एसटीची सवलत, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची दिव्यांग विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, सगळ्याचं मूळ तो एक कागद आहे.

आता संस्था काय करतात. माझ्या घरीही काकांसारखंच मत होतं की संस्था म्हणजे सांभाळायची जागा. माझ्याबाबतीत संस्थेने मला सांभाळलं नाही, आणि त्याबद्दल मी आयुष्यभर ऋणी आहे. तिथे मला काठी शिकवली, कॉम्प्युटर शिकवला आणि माझ्यासारखी बाकीची पोरं भेटवली. एवढंच केलं आणि ते पुरलं.

काठीचं जरा सविस्तर सांगतो कारण आरपीवाले काठी हातात घ्यायला सगळ्यात जास्त लाजतात. थोडं दिसत असतं ना, त्यामुळे आपल्यालाच वाटतं काठी घेतली की लोक म्हणतील दिसतंय तर, नाटक कशाला करतो. माझे मोबिलिटीचे, म्हणजे काठी घेऊन एकटं चालायला शिकवणारे सर स्वतः पूर्ण अंध होते. त्यांनी पहिल्या दिवशी मला बरामद्यात उभं केलं आणि सांगितलं, डावा पाय पुढे टाकशील तेव्हा काठीचं टोक उजवीकडे टेकायचं, उजवा टाकशील तेव्हा डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. मनगट पोटासमोर मधोमध, हलवायचं फक्त मनगट, अख्खा हात नाही. हे ऐकायला सोपं वाटतं पण अंगात मुरायला महिने जातात, आणि मुरलं की मग स्वारगेटच्या गर्दीतही माणूस एकटा जातो. फरशी संपून डांबर कुठे लागलं, डावीकडे मोकळं मैदान आहे की भिंत, हे टकटकीच्या आवाजावरून कळायला लागतं. हे घरचे शिकवू शकत नाहीत, कितीही माया असली तरी. घरचे हात धरतात.

मोबाईल तर आजच सुरू करा. अँड्रॉइडवर दोन्ही व्हॉल्यूमची बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू होतं (नाही झालं तर सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करा). बोट फिरवलं की काय आहे ते बोलतं, दोनदा टॅप केलं की उघडतं. मराठी आवाजही आहे. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट, मराठी वाचतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६ मध्ये ते बनवायला घेतलं कारण बाजारातलं सॉफ्टवेअर महाग होतं, मग त्याचा अंध मित्रही सोबत आला, आणि आजही एक ना-नफा संस्थाच ते चालवते. माझी नोकरीची परीक्षा मी त्याच्याच जोरावर दिली.

पुण्यात विचारायचं असेल तर पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, मीरा बडवे यांची निवांत अंध मुक्त विकासालय आहे. निवांतचं काम तर तुमच्या भावाच्या वयाच्या मुलांसाठीच उभं राहिलं, कारण अंधशाळा संपली, अठरा वर्षं झाली की पोरं अक्षरशः रस्त्यावर यायची, पुढच्या शिक्षणाला पुस्तकंच नसायची. त्यातूनच तिथे ब्रेलमध्ये कॉलेजची पुस्तकं छापणं सुरू झालं. प्रवेशाचं, राहण्याचं आत्ता काय चालू आहे ते प्रत्यक्ष जाऊनच विचारा, भावाला घेऊन जा.

---

वाचनवेडी:

मी डोळस आहे. गेली बरीच वर्षं पुण्यात अंध विद्यार्थ्यांसाठी रायटर म्हणून बसते आणि पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. मांजराकाठची ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. सातवी शिकलेल्या बाईने बारावीचं राज्यशास्त्र वाचून काढणं काय असतं ते मला माहितीये, ते शब्द पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळते.

कॉलेजात निभेल का विचारलंत, तर वर्गात निभतं हो, मुलं चांगली असतात. अडतं ते मटेरियलवर. मराठी माध्यमाच्या नोट्स अजूनही कित्येक ठिकाणी जुन्या फॉंटमध्ये टाइप केलेल्या असतात. स्क्रीनवर आपल्याला सुंदर मराठी दिसतं पण आत युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणारी मराठी अक्षरं नसतात, त्यामुळे स्क्रीन रीडर ते इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणून वाचतो, नुसती गिचमिड ऐकू येते. आणि झेरॉक्सवाल्याकडची पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो, त्यावर स्क्रीन रीडर गप्पच बसतो. मग आमच्यासारखे लोक ते ओसीआर करतात, म्हणजे फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेतात, चुका सुधारतात, युनिकोडमध्ये करून देतात. आता ओसीआर बरंच सुधारलंय पण जोडाक्षरं आणि सनावळ्या तपासाव्याच लागतात. इतिहासात १७६१ चं १७६७ झालं की पोरगं पानिपत चुकीचं पाठ करणार.

एक मात्र आधी करा, सुगम्य पुस्तकालयाचं सभासदत्व घ्या. २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी. हे असं ग्रंथालय उभं राहू शकलं त्यामागे मोठी लढाई आहे. पूर्वी एखादं पुस्तक अंधांसाठी स्कॅन करून वाटणं म्हणजे कॉपीराइटचा भंग होता. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ते कायदेशीर झालं. ती दुरुस्ती व्हावी म्हणून देशभरातल्या अंधांच्या संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्रही त्यात होतं. नंतर २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला अंधांसाठीच्या पुस्तकांबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. मला याचा फार अभिमान वाटतो, मी स्वतः त्यात काही केलेलं नसलं तरी.

रायटरचं म्हणाल तर शेवटच्या क्षणाचा खेळ टाळा. मार्चमध्ये एकाच आठवड्यात सगळ्यांचे पेपर येतात आणि ग्रुपवर आदल्या रात्री अकराला मेसेज पडतात, उद्या सकाळी अर्थशास्त्राला रायटर पाहिजे, आधीच्याला ताप आलाय. एका कॉलेजात तर मला गेटवर अडवून ठेवलं, माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स नको मूळ पाहिजे म्हणून, आणि आतला मुलगा तोपर्यंत कोऱ्या पेपरासमोर बसून होता. म्हणून कॉलेजला टर्मच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत (आधी २०१८ च्या होत्या, २०२५ मध्ये नव्या निघाल्या), तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. त्याची प्रिंट जवळ ठेवा. स्वतःचा रायटर नेला तर त्याचं शिक्षण एक पायरी खाली लागतं असं २०१८ च्या सूचनांत होतं, तुमच्या विद्यापीठाचा आत्ताचा नियम परीक्षा विभागात विचारून घ्या.

आणि रायटरबरोबर दोन सराव पेपर तरी करायचे, हे मी प्रत्येकाला सांगते. उत्तर तोंडी सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे. नवीन परिच्छेद कुठे, अधोरेखित काय करायचं, आकृती कशी सांगायची. ज्या पोरांनी सराव केलेला असतो ती संथपणे सांगतात, मी लिहीत जाते, आम्ही दोघं एका लयीत येतो. सराव नसला की विचार आणि बोलणं एकमेकांवर आदळतं आणि जादा मिळालेला तास त्यातच जातो.

---

सोलापूरचे काका:

मुली, मी अंध मुलीचा बाप आहे म्हणून तुझ्या आईसाठी लिहितोय. आमची लेक जन्मापासून बघू शकत नाही. आज एम.ए. करतीय.

तुझ्या आईला पटवायचं असलं तर तुम्ही तरुण पोरं सांगून उपयोग नाही, माझं ऐक. तिला दुसऱ्या आईशी बोलायला दे. माझी बायको लेकीला हॉस्टेलला पाठवायला अजिबात तयार नव्हती, मी समजावलं, मास्तरांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी संस्थेतल्या एका बाईंनी हुशारी केली, पालकांच्या मेळाव्याला बोलावलं आणि हिला एका बार्शीकडच्या बाईजवळ बसवलं जिची मुलगी तीन वर्षं तिथं होती. दोघी भाकरी खात बोलत बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. येताना गाडीत ही म्हणाली, दोन ड्रेस शिवायला टाकावे लागतील. झालं. आता ही स्वतःच नवीन आयांशी फोनवर बोलते, कुठं कुठं ओळखी झाल्यात तिच्या.

दुसरं गावातलं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, हे पुष्कळ गावांत कुणाला ठाऊक नसतं आणि ठाऊक असलं तरी कुणी मागत नाही. आमच्याकडं पण नुसता कागदावर होता. मी एकटा दोनदा गेलो, ग्रामसेवक म्हणायचे बघू पुढच्या मासिक सभेला. मग गावातले आम्ही सगळे दिव्यांगांच्या घरचे एकत्र झालो, पोलिओवाला एक टेलर आहे, कर्णबधिर पोराची आई आहे, आणि ग्रामसभेत उभे राहिलो. अर्ज हातात, ठरावात नोंद करा म्हणलं. त्या वर्षी माझ्या लेकीला लॅपटॉपला पैसे मिळाले आणि टेलरला शिलाई मशीनला. रक्कम लहानच असती गावच्या मानानं, पण एकदा ठरावात आलं की दर वर्षी येतं. तुमच्या गावात पण बघा, तुझा भाऊ एकटाच नसणार.

आणि गिरणी टाकायला जे पैसे काढणार आहेत ना घरचे, ते त्याच्या पुण्याच्या खर्चाला ठेवा म्हणावं. गिरणी कधीपण टाकता येती.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं सांग घरी. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या, मग मुंबईचं झेवियर्स कॉलेज, मग दिल्लीचं जेएनयू विद्यापीठ. २०१६ च्या निकालात यूपीएससीत ७७३ वा नंबर आला तर रेल्वेनं अंध म्हणून घेतलं नाही. त्यांनी परत परीक्षा दिली, २०१७ ला १२४ वा नंबर, आयएएस झाल्या. माझ्या बायकोनं त्यांचा पेपरातला फोटो कापून देव्हाऱ्याच्या बाजूला लावलाय.

---

मांजराकाठची:

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी कंपनीच्या बसमध्ये वाचत होते, डोळ्यात पाणी आलं. खिडकी नंबर चार दादा, तुमचा मेसेज मी भावाला फोनवर पूर्ण वाचून दाखवला, काठीचा भाग दोनदा वाचायला लावला त्यानं. फील्ड टेस्टचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याच्या कार्डावर ३० टक्के लिहिलंय!! म्हणजे बारावीला सरांनी रायटर दिला तो त्यांच्या भल्यापणावर दिला, हक्काचा नव्हताच असं दिसतंय.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे आमचे काका त्याला एका ठिकाणी घेऊन जातायत, तिथं डोळ्यात थेंब टाकून आरपी बरा करतात म्हणे, भरपूर पैसे सांगितलेत. दुसरं, खरं सांगा, संस्था फसवत नाहीत ना? आमच्या तालुक्यात एकानं अपंगांच्या नावावर देणग्या गोळा केल्या आणि गाडी घेतली हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळं बाबांचा विश्वासच नाही कुणावर.

---

खिडकी नंबर चार:

थेंबांचं आधी. जाऊ नका. आरपी हा जनुकातला आजार आहे, कितीतरी वेगवेगळ्या जनुकांमुळे होतो आणि सरसकट सगळ्यांना बरं करणारं औषध आज नाही. एका विशिष्ट जनुकाच्या दोषावर परदेशात जीन थेरपी निघाली आहे २०१७ पासून, पण ती त्या एका दोषापुरतीच आणि तिचा खर्च आपल्या कल्पनेपलीकडे आहे. माझ्या वडिलांनी असल्याच थेंबांपायी एक एकर विकलं. हे मी रागाने लिहितोय कारण तेव्हा आम्हाला खरं सांगणारं कुणी भेटलं नाही. रेटिनाच्या चांगल्या डॉक्टरांना वर्षातून एकदा जरूर दाखवा, आरपीत मोतीबिंदूही लवकर होतो आणि तो काढला तर उरलेली नजर थोडी सुधारू शकते. तेवढं खरं.

३० टक्क्यांवर फेरतपासणी मागता येते. पेरिमेट्री करून घ्या आणि अर्ज करा. आणि आणखी एक, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सांगितलंय की रायटर मिळायला ४० टक्के असलंच पाहिजे असं नाही, लिहिण्यात अडचण आहे हे सिद्ध झालं तर पुरे. म्हणजे टक्के वाढेपर्यंतही वाट बंद नाही.

---

बरामदा:

मी एका संस्थेत काम करते, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला मोकळेपणाने लिहायचंय. फसवणुकीचा प्रश्न रास्त आहे ताई, तुमच्या बाबांना चूक म्हणू नका.

मी आमच्या क्षेत्राचं खरं सांगते. पैसे येतात ते वस्तूंना येतात. आर्थिक वर्ष संपायला आलं की कंपन्यांचे सीएसआरवाले, म्हणजे समाजकार्याचा निधी बघणारे लोक लॅपटॉप, काठ्या, किट घेऊन येतात, बॅनर लागतो, फोटो होतात. पण तोच लॅपटॉप शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार द्या म्हटलं की बजेटात बसत नाही म्हणतात. लॅपटॉप कपाटात पडून राहतो असं मी किती ठिकाणी पाहिलंय. मोबिलिटी शिकवणारी माणसं तर फारच कमी आहेत आणि त्यांना मिळणारा पगार सांगायची लाज वाटते. हॉस्टेलला जागा मर्यादित असतात, मुलींना तर आणखी कमी. त्यामुळे तुम्ही आलात आणि आम्ही लगेच सगळं दिलं असं होणार नाही, थांबावं लागेल, चार ठिकाणी विचारावं लागेल.

संस्था कशी ओळखायची तर माझ्या मते त्यांच्याकडे पूर्वी शिकून गेलेल्या दोन-तीन जणांचे फोन नंबर मागा. जी संस्था बिनधास्त देते ती चांगली. तिथे काम करणाऱ्यांमध्ये किती जण स्वतः अंध आहेत ते बघा, शिकवायला, हिशोबाला, ऑफिसला, नुसतं खुर्च्या विणायला नव्हे. मुलं बाहेर एकटी ये-जा करतात का ते बघा, गेटला कायम कुलूप असेल तर मला शंका येते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्रश्न ते कुणाला विचारतात. तुम्ही भावाला घेऊन गेलात आणि समोरची व्यक्ती तुम्हाला विचारायला लागली की "याला काय आवडतं, हा जेवतो का स्वतः", तर उठून या.

फी, राहणं, खाणं हे बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून मिळत नाही हेही मनाशी धरून ठेवा. आमच्या एका मुलाचं असं होतं, शिष्यवृत्ती सरकारची, राहायला गावाकडच्या समाजाचं वसतिगृह, कॉम्प्युटर आमच्याकडे, रायटर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे, आणि मेसच्या मावशींनी दोन वर्षं अर्ध्या पैशात डबा दिला. तो मुलगा आज कॉलेजात प्राध्यापक आहे. देणगीदारांसमोर आमच्या संस्थेचं यश म्हणून त्याचं नाव सांगितलं जातं, तेव्हा मी मावशींचं नाव घेतेच घेते.

---

स्पष्टवक्ता:

सगळं वाचलं. पण हे काम सरकारचं नाही का? संस्थांवर आणि चांगल्या माणसांवर किती दिवस चालणार, आज मावशी आहेत उद्या नसल्या तर? कायदा आहे मग कॉलेजने युनिकोड नोट्स दिल्या पाहिजेत, बास. मदत मदत म्हणून आपण सरकारला मोकळं सोडतो असं मला वाटतं. राग मानू नका कुणी.

---

खिडकी नंबर चार:

राग कशाला, बरोबरच आहे तुमचं, पण अर्धं. कायदा आपोआप चालत नाही हो. मी नोकरीला लागायच्या आधी एका बँकेत खातं उघडायला गेलो तर एटीएम कार्ड देणार नाही म्हणाले, चेकबुक नाही, सोबत कुणाला तरी घेऊन या. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं २००८ चं परिपत्रक होतं की दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर यांपैकी काहीही नाकारायचं नाही. शाखेत कुणाला माहीतच नव्हतं. मला ते परिपत्रक आमच्या संस्थेतल्या मित्रांनी ब्रेलमध्ये आणि छापील असं दोन्ही करून दिलं होतं, मी ते मॅनेजरसमोर ठेवलं आणि स्वतः वाचूनही दाखवलं. खातं उघडलं, कार्ड मिळालं. तो हक्क सरकारने दिलेला होता, पण मॅनेजरसमोर उभं राहायची ताकद मित्रांची होती.

आणि ते परिपत्रक तरी का निघालं, अंधांच्या संघटनांनी पाठपुरावा केला म्हणून. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन निकाल दिले, मार्चमध्ये अंध व्यक्तींना न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही म्हणून आणि एप्रिलमध्ये डिजिटल केवायसी, म्हणजे मोबाईलवरून ओळख पटवणं सगळ्यांना वापरता आली पाहिजे, तो जगण्याच्या हक्काचाच भाग आहे म्हणून. त्या केवायसीच्या खटल्यात एक याचिकाकर्ता स्वतः अंध वकील होता आणि दुसऱ्या याचिकेत अ‍ॅसिड हल्ल्यातल्या स्त्रिया होत्या, ज्यांना मोबाईलसमोर डोळे मिचकावून दाखवणं शक्यच नव्हतं. तुम्ही म्हणता तसं सरकारला धरायचं असेल तर धरणारे हात आधी तयार व्हायला लागतात, आणि ते कुठे तयार होतात तर याच जागांमध्ये. तुम्ही पुण्यात असाल तर कॉलेजांना युनिकोड नोट्ससाठी पत्रं लिहायच्या कामात या की, माणसं कमीच पडतात आम्हाला.

---

स्पष्टवक्ता:

पिंपरीत आहे. डीटीपीचंच काम करतो मी, जुन्या फॉंटमधून युनिकोड करायचं रोजचंच आहे माझं. कळवा कुठे यायचं.

---

वाचनवेडी:

अहो मग तुम्ही आम्हाला आधीच का नाही भेटलात! मेसेज करते तुम्हाला आत्ताच. आमच्याकडे एम.ए. इतिहासाच्या नोट्सचा ढीग पडलाय जुन्या फॉंटमधला, चार मुली त्यासाठी थांबल्यात.

---

मांजराकाठची:

थोडं कळवते. थेंबांचं रद्द झालं, बाबांनी दादांचा मेसेज स्वतः ऐकला, एक एकरचं ऐकून गप्प झाले आणि काकांना नाही म्हणाले. पेरिमेट्रीची तारीख लातूरला मिळालीय. आई सोलापूरच्या काकूंशी बोलणार म्हणतीय, काका, चालेल ना नंबर दिलेला? भाऊ पुढच्या बुधवारी रात्रीच्या गाडीनं येतोय, गुरुवारी आम्ही दोन संस्था बघणार आहोत. टॉकबॅक चालू केलंय त्यानं, सारखं काहीतरी उघडतंय म्हणून वैतागला होता पहिल्यांदा, आता व्हॉट्सअ‍ॅप येतं.

---

सोलापूरचे काका:

नंबर बिनधास्त दे. दुपारी दोन ते चार ती मोकळी असती. आणि फील्ड टेस्टचा रिपोर्ट घेतला की मूळ प्रत सिव्हिलमध्ये ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्यायची आणि मूळ दाखवून परत घ्यायची.

---

बरामदा:

गुरुवारी येताय तर सकाळी साडेदहानंतर या, त्या वेळेला मुलांचा मोबिलिटीचा तास रस्त्यावर चालू असतो, भावाला त्यांच्याबरोबर चालता येईल. तुमचा मेसेज बघते, पत्ता तिथे देते. फोन मात्र त्यालाच करू दे.